पनामा कालव्यात जहाज २६ मीटर वर कशाला चढवतात?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकांनी विचारलंय की अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांची पातळी वेगवेगळी आहे म्हणून पनामात लॉक (जहाज पाण्यावर वर-खाली करणाऱ्या दारवाल्या टाक्या) बांधावे लागले असं आमच्या क्लासच्या नोट्समध्ये दिलंय, ते बरोबर आहे का, आणि सुएझसारखं सरळ खोदून समुद्राला समुद्र का नाही जोडला, आणि एवढं सगळं करून फायदा नक्की किती होतो.

नोट्समधलं उत्तर चूक आहे. पण ते का चूक हे सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा. मी मर्चंट नेव्हीत पावणेतीस वर्षं काढली, बहुतेक सगळी बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर. पनामा पहिल्यांदा क्रॉस केला १९९६ ला कॅडेट असताना, पुढे चीफ ऑफिसर आणि कॅप्टन म्हणून किती वेळा गेलो ते मोजायचं सोडून दिलं. मी काही सिव्हिल इंजिनिअर नाही आणि इतिहासाचा प्राध्यापक तर अजिबात नाही, जहाज घेऊन जाणाऱ्या माणसाला जे दिसतं आणि त्यापायी जे वाचावं लागतं तेवढंच सांगतो.

आधी ते पातळीचं प्रकरण मिटवू. दोन्ही बाजूंची सरासरी समुद्रपातळी घेतली तर पॅसिफिकची बाजू साधारण २० सेंटीमीटर वर आहे, म्हणजे वीतभर. वीतभर फरकासाठी कुणी २६ मीटरचा जिना बांधत नाही. हां, भरती-ओहोटीचा फरक मात्र खरा आहे. पॅसिफिकच्या टोकाला, बाल्बोआला, पाणी सहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि कॅरिबियनच्या टोकाला कोलोनजवळ अर्धा मीटरसुद्धा धड हलत नाही. मुंबईच्या भरतीची सवय असलेल्या आमच्यासारख्याला कोलोनचं ते मेल्यासारखं पडलेलं पाणी बघून पहिल्यांदा चुकल्यासारखंच होतं. म्हणजे समजा उद्या कुणी खरंच सपाट, म्हणजे लॉक नसलेला समुद्रपातळीचा, कालवा खोदला तरी पॅसिफिकच्या तोंडाला एखादं गेट लागेलच, नाहीतर भरतीला कालव्यातून नदीसारखी ओढ लागेल. बहुतेक या भरतीच्या गोष्टीचंच पुढे नोट्समध्ये "पातळी वेगळी" झालं असावं. पण लॉक त्याच्यासाठी नाहीत. लॉक आहेत ते मधल्या डोंगरासाठी आणि एका नदीसाठी.

आता असं बघा. सुएझ म्हणजे वाळवंटातली सपाट जमीन, १९३ किलोमीटरची लांबलचक चर, एकही लॉक नाही, दोन्हीकडे समुद्र जवळपास सारखा. खोदा आणि पाणी सोडा. पनामाची संयोगभूमी, म्हणजे दोन खंडांना जोडणारी जमिनीची पट्टी, अरुंद आहे, कालव्याची लांबी जेमतेम ८० किलोमीटर, त्यामुळे नकाशावर बघणाऱ्याला वाटतं की हे तर सुएझपेक्षा सोपं. पण मध्ये कुलेब्राचा डोंगर आहे, कालवा जिथून नेला ती त्यातली खिंडसुद्धा मुळात समुद्रसपाटीपासून ६४ मीटर उंच होती, माती अशी की पावसात लापशी होते, आणि पाऊस वर्षातले आठ महिने. वर तिथे चाग्रेस नावाची नदी आहे. ही नदी उन्हाळ्यात गरीब गाईसारखी असते आणि पावसाळ्यात एका रात्रीत कित्येक मीटर फुगते. सपाट कालवा खोदायचा म्हणजे तो समुद्रपातळीच्याही खाली न्यायचा, आणि ही नदी वाटेत कालव्याला आडवी येते, मग पावसाळ्यात ती उंचावरून धबधब्यासारखी कालव्यात पडणार. तिला घालायची कुठे?

ज्याला हे पहिल्यांदा नीट उमगलं त्यानं उलटा विचार केला. नदी शत्रू आहे ना, मग तिलाच कामाला लावा. समुद्राजवळ गातुनला तिच्यावर धरण बांधा, आतली सगळी दरी भरून एक मोठं तळं होऊ दे, जहाजं लॉकनी त्या तळ्यात चढवा, तळ्यातून आरामात पलीकडे न्या आणि परत लॉकनी खाली उतरवा. डोंगर मग समुद्रपातळीपर्यंत कापायला नको, वरच्या वर कापला की झालं. प्रत्यक्षात ती ६४ मीटरची खिंड १२ मीटरपर्यंत खाली आणली आणि तळ्याची पातळी २६ मीटरवर ठेवली, म्हणजे खिंडीत १४ मीटर खोल पाणी. हिशेब इतका सरळ आहे.

माझ्या डोक्यात हे पहिल्यांदा बसलं ते कोयनेमुळे. मी चिपळूणकडचा. कोयनेचं पाणी खरं म्हणजे कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचं, पण धरण बांधून त्यातलं बरंचसं बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला पाडलं आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात येतं. एकच नदी दोन समुद्रांना पाणी देते. चाग्रेसचंही तेच झालं. आधी फक्त अटलांटिककडे जायची, आता गातुन तळ्यातून लॉकवाटे दोन्ही महासागरांत जाते. आपण वीज काढली, त्यांनी जहाजं चढवली.

आता जहाजावरून हे कसं दिसतं ते सांगतो, कारण पुस्तकात जो आकडा वाचून पुढे जाता तो तिथे अंगावर येतो.

१९९६ ला आम्ही मिसिसिपी नदीत न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या बाजूला मका भरून जपानला निघालो होतो. जहाज पनामॅक्स. हा शब्दच या कालव्यातून आलाय, जुन्या लॉकमध्ये मावेल एवढं मोठ्यात मोठं जहाज म्हणजे पनामॅक्स. लॉकची टाकी ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद, आणि आमचं जहाज ३२.२ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दोन हात जागा उरते, आणि या मापात सत्तर हजार टनाच्या आसपासचा लोखंडाचा धूड सरकवायचा. मी पुढे फोरकॅसलवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या डेकवर, बोसनबरोबर (खलाशांचा मुकादम) उभा होतो, खाली वाकून बघितलं तर भिंत इतकी जवळ की हात लावून बघावासा वाटला, बोसननं कॉलर धरून मागे ओढलं.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना गेट असलेली काँक्रीटची टाकी समजा. जहाज खालून आत येतं, मागची दारं मिटतात, वरच्या तळ्याचं पाणी भिंतीतल्या आणि तळाखालच्या बोगद्यांतून आत सोडतात, आठ-दहा मिनिटांत टाकी भरते आणि जहाज वर येतं, मग पुढची दारं उघडतात. यात कुठेही पंप नाही. एकही नाही. पाणी उतारानं येतं आणि उतारानंच समुद्रात जातं. दारं दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिटतात तेव्हा त्यांचं टोक वरच्या पाण्याकडे करून ठेवलेलं असतं, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवतो. सर्वांत उंच दारं पॅसिफिककडच्या मिराफ्लोरेस लॉकच्या खालच्या टोकाला आहेत, २५ मीटर उंच, आणि ती तिथेच का तर पॅसिफिकच्या त्या सहा मीटरच्या भरतीमुळे. म्हणजे तुमच्या नोट्समधल्या "पातळी"चा खरा परिणाम शोधायचा तर तो त्या एका दाराच्या उंचीत आहे.

अटलांटिककडून आलं की गातुनला सलग तीन पायऱ्या, मग तळं, मग कुलेब्राची खिंड, मग पेद्रो मिगेलला एक पायरी खाली आणि मिराफ्लोरेसला दोन. आणखी एक गंमत, नकाशा उघडून बघा, संयोगभूमी इंग्रजी एस सारखी आडवी वळलेली आहे, त्यामुळे अटलांटिककडून पॅसिफिकला जाताना जहाज आग्नेयेला जातं. पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे. कॅडेट असताना होकायंत्र बघून मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

लॉकमध्ये दोन्ही भिंतींवर रुळांवरून इलेक्ट्रिक इंजिनं चालतात, त्यांना तिकडे म्यूल म्हणजे खेचर म्हणतात. बहुतेकांना वाटतं ही इंजिनं जहाज ओढून नेतात. तसं नाही, जहाज चालतं स्वतःच्याच इंजिनावर, खेचरं तारांनी त्याला मध्यावर धरून ठेवतात आणि थांबायच्या वेळी ब्रेक लावतात. आणि जहाज टाकीत शिरताना नुसतं सरकत नाही, आतलं पाणी बाहेर निघायला जागा लागते ना, बाजूला तर हातभरच फट, त्यामुळे पिचकारीत दट्ट्या घालावा तसं होतं आणि इंजिनाला बऱ्यापैकी जोर लावावा लागतो. एवढी सगळी यंत्रणा, आणि पहिली दोरी जहाजाला आणून देतात ती वल्ह्याच्या होडीतून दोन माणसं. १९१४ पासून तसंच चाललंय. मला ते फार आवडायचं.

कॅप्टन झाल्यावर कळलेली गोष्ट म्हणजे पायलट. जगात कुठल्याही बंदरात पायलट हा सल्लागार असतो, काही झालं तर जबाबदारी कॅप्टनची. पनामात मात्र कालव्याच्या पायलटच्या हातात जहाजाचा पूर्ण कंट्रोल द्यावा लागतो, तो सांगेल ते सुकाणी करणार, आपण शेजारी उभं राहून कॉफी प्यायची आणि काळजी करायची. पहिल्यांदा फार जड जातं.

आणि चीफ ऑफिसरची डोकेदुखी वेगळीच, गोडं पाणी. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून गातुन तळ्याच्या गोड्या पाण्यात आलं की पनामॅक्स जहाज साधारण फूटभर जास्त बुडतं. जुन्या लॉकची ड्राफ्टची, म्हणजे जहाज किती बुडावं याची, मर्यादा १२.०४ मीटर आणि तीही तळ्याच्या पाण्यात मोजलेली. म्हणजे अमेरिकेत मका भरतानाच अडीच हजारांहून जास्त किलोमीटर पुढच्या तळ्याचा हिशेब करून भरायचा, आणि वाटेत किती तेल जळणार तेही धरायचं. एकदा माझा हिशेब जवळजवळ चुकला होता, कुठल्या जहाजावर ते सांगत नाही, बॅलास्टचं, म्हणजे तोल सांभाळायला टाक्यांत घेतलेलं, पाणी इकडून तिकडे करून निभावलं. गोड्या पाण्याचा एक फायदाही आहे, जहाजाच्या बुडाला चिकटलेल्या समुद्री शिंपल्या-कालवांना ते सोसत नाही. त्याच कारणामुळे दोन महासागरांतले जीव एकमेकांत सहज मिसळत नाहीत, मध्ये गोड्या पाण्याचं कुंपण आहे. सपाट कालवा असता तर तेही उरलं नसतं.

तर इथपर्यंत एवढं लक्षात ठेवा की हा कालवा म्हणजे दोन समुद्र जोडणारी चर नव्हेच, हे डोंगरात बांधलेलं पावसाच्या पाण्याचं तळं आहे आणि त्याला दोन्हीकडून जिने लावलेत. बाकी सगळा इतिहास, माणसं का मेली, पैसा कुठे बुडाला, आणि आज पाऊस कमी झाला की जगातल्या कंपन्या का घाबरतात, हे सगळं या एकाच गोष्टीतून निघतं.

इतिहासाकडे येऊ. फर्दिनांद द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थानं १८६९ ला सुएझ उघडून दाखवला होता आणि त्याचं नाव इतकं मोठं झालं होतं की त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. तो मुळात राजनैतिक अधिकारी, इंजिनिअर नव्हेच. १८७९ ला पॅरिसमध्ये मोठी परिषद भरली, तिथे यानं ठामपणे सांगितलं की पनामालाही सुएझसारखाच सपाट कालवा. मगाशी मी जो धरण आणि तळ्याचा विचार सांगितला ना, तो त्याच परिषदेत अदॉल्फ गोदँ द लेपिने नावाच्या इंजिनिअरनं मांडला होता. हा माणूस मेक्सिकोत काम करून आलेला, तिथला पाऊस अंगावर घेतलेला. त्याचं कुणी ऐकलं नाही, त्यानं विरोधात मत दिलं आणि विषय संपला. म्हणजे बरोबर उत्तर पहिल्याच दिवशी टेबलावर होतं आणि ते पस्तीस वर्षांनी खरं झालं, मधे काय झालं ते वाईट आहे.

१८८१ ला फ्रेंचांनी काम सुरू केलं. जेवढं खोदावं तेवढा डोंगर पुन्हा कोसळून खाली यायचा. तुम्ही आंबेनळीच्या किंवा वरंध्याच्या घाटात पावसाळ्यात गेला असाल तर दरड म्हणजे काय ते सांगायला नको, तसंच, फक्त वर्षानुवर्षं. आणि पिवळा ताप आणि मलेरिया. हे रोग डासांमुळे होतात हे तेव्हा कुणाला पटलेलं नव्हतं, दलदलीतल्या वाईट हवेनं होतात असं समजायचे. त्यामुळे फ्रेंचांनी सुंदर हॉस्पिटलं बांधली, बागा केल्या, आणि पलंगावर मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. म्हणजे वॉर्डातच डासांची शेती. आपल्याकडे पण दुधाच्या कपाटाखाली अशा वाट्या ठेवायचे, माझ्या आजीकडे होत्या, त्यामुळे हे वाचताना चर्र झालं. फ्रेंचांच्या काळात अंदाजे २२,००० माणसं मेली. शेवटी शेवटी द लेसेप्स लॉकला तयार झाला, त्याचं काम गुस्ताव्ह आयफेलला दिलं, तोच तो टॉवरवाला, पण तोवर पैसा संपला होता. १८८९ ला कंपनी बुडाली, लाखो साध्या फ्रेंच लोकांची बचत गेली, पुढे लाचखोरीचे खटले झाले.

मग अमेरिका. तिला हा कालवा हवा होता तो व्यापारासाठी जेवढा तेवढाच आरमारासाठी. १८९८ ला स्पेनशी युद्ध सुरू होण्याच्या सुमारास ऑरेगॉन ही युद्धनौका सॅन फ्रान्सिस्कोहून अटलांटिकला यायची होती, तिला अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून यायला दोन महिन्यांच्या वर लागले. दोन किनारे असलेल्या देशाला एकतर दोन आरमारं पाळायची नाहीतर मधून वाट काढायची. बरेच अमेरिकन पुढारी आधी निकाराग्वाच्या बाजूचे होते. तेव्हा फ्रेंच कंपनीशी हितसंबंध असलेला फिलिप ब्युनो-व्हारिया नावाचा खटपट्या माणूस, त्यानं निकाराग्वाची ज्वालामुखीचं चित्र असलेली टपाल तिकिटं शोधून सिनेटरांना वाटली, बघा, तिथे ज्वालामुखी आहेत म्हणून. पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग. कोलंबियाच्या सिनेटनं करार फेटाळला, ३ नोव्हेंबर १९०३ ला पनामा स्वतंत्र झाला, अमेरिकेची युद्धनौका किनाऱ्यावर हजर होतीच, आणि पंधरा दिवसांत करार झाला. पनामाच्या बाजूनं सही कुणाची, तर याच ब्युनो-व्हारियाची. म्हणजे फ्रेंच माणसानं सही करून पनामाच्या मधून १० मैल रुंदीची पट्टी अमेरिकेला कायमची दिली, बदल्यात एक कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख. पनामाच्या लोकांना हे पुढे पाऊणशे वर्षं सलत राहिलं, आणि का सलू नये.

अमेरिकनांनीही सुरुवातीला फ्रेंचांच्याच चुका केल्या हे फारसं कुणी सांगत नाही. १९०५ ला चीफ इंजिनिअर म्हणून जॉन स्टीव्हन्स आला, हा मूळचा रेल्वेवाला. त्यानं येऊन पहिलं काय केलं तर खोदकामच थांबवलं. आधी घरं, पाणी, गटारं, आणि रेल्वे नीट करा. पनामाची रेल्वे १८५५ पासून होती पण खेळण्यातली होती. त्याचं म्हणणं असं की कालवा हा खोदायचा प्रश्नच नाही, खोदलेली माती हलवायचा प्रश्न आहे. मला वाटतं या सगळ्या गोष्टीत एका माणसाला श्रेय द्यायचं तर मी स्टीव्हन्सला देईन, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट वगैरे नंतर. कारण १९०६ ला सल्लागार इंजिनिअरांच्या मंडळानं बहुमतानं परत सपाट कालव्याचीच शिफारस केली होती! स्टीव्हन्सनं चाग्रेसचा पूर डोळ्यांनी बघितला होता, तो वॉशिंग्टनला जाऊन भांडला आणि तळ्या-लॉकची योजना थोडक्यात पास करून आणली. पुढे तो सोडून गेला आणि लष्करातल्या जॉर्ज गोथल्सनं काम पूर्ण केलं.

दुसरा माणूस डॉक्टर विल्यम गॉर्गस. पिवळा ताप डासामुळे होतो असं क्यूबाचा डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होता, आणि मलेरियाचं आपल्याकडे सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं १८९७ ला डासाच्या पोटात शोधून दाखवलं. या ज्ञानावर गॉर्गसनं पनामात घरोघरी जाळ्या बसवल्या, पिंप झाकायला लावली, डबक्यांवर तेल ओतलं. १९०५ संपेपर्यंत पिवळा ताप गेला. मलेरिया पूर्ण गेला नाही, पण आटोक्यात आला. तरीही अमेरिकन काळात ५,६०९ माणसं गेली, रोगांनी, सुरुंगांनी, दरडींनी, रेल्वेखाली. त्यातली बहुसंख्य बार्बाडोस आणि आजूबाजूच्या बेटांवरून आलेली काळी माणसं. पगाराच्या दोन याद्या होत्या, गोऱ्या अमेरिकनांची 'सोन्याची' आणि बाकीच्यांची 'चांदीची', आणि त्याप्रमाणे घरं वेगळी, जेवण वेगळं, दुकानातली रांगसुद्धा वेगळी. कोलोनला काळ्या पायलटांशी, दोऱ्या सांभाळणाऱ्या लाइन हँडलर लोकांशी बोललं की हमखास एकजण निघतो ज्याचा पणजोबा बार्बाडोसचा.

१५ ऑगस्ट १९१४ ला अँकॉन नावाचं जहाज अधिकृतपणे पहिलं पार झालं, आणि जगात कुणाचं लक्षच नव्हतं कारण पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. वर्षभरानं सप्टेंबर १९१५ ला कुलेब्रात एवढी मोठी दरड आली की कालवा एप्रिल १९१६ पर्यंत बंद. निसर्गानं शेवटचा हिशेब केला म्हणायचं. आणि सपाट कालव्याचं खूळ तेवढ्यावर संपलं असं नाही, १९६० च्या दशकात अमेरिकेनं अणुस्फोट करून नवीन सपाट कालवा उडवायचा अभ्याससुद्धा केला होता. नशीब, कागदावरच राहिला.

पुढचं राजकारण थोडक्यात. जानेवारी १९६४ ला झेंड्यावरून दंगल झाली, पनामाची माणसं मेली, तो दिवस ते आजही पाळतात. १९७७ ला पनामाचे नेते ओमर तोरिहोस आणि अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी करार केला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला दुपारी बारा वाजता कालवा पनामाच्या ताब्यात आला. तेव्हा बरेच लोक म्हणायचे आता याचा बोजवारा उडणार. आम्ही दोन्ही काळात गेलोय. काहीही बिघडलं नाही, उलट बुकिंग जास्त शिस्तीचं झालं. २०१६ च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच्या हिमतीवर नवीन मोठे लॉक उघडले, ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद, तिथे खेचरं नाहीत, टग म्हणजे ओढनौका असतात, दारं सरकती आहेत, आणि बाजूला पाणी साठवायच्या टाक्या आहेत ज्यामुळे ६० टक्के पाणी परत वापरता येतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, फायदा किती. इथे सरळ उत्तर नाही, कुठून कुठे चाललाय त्यावर आहे. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिण अमेरिकेला वळसा घालून गेलात तर साडेबावीस हजार किलोमीटर, पनामातून साडेनऊ हजार. इथे प्रश्नच नाही. शांघायहून न्यूयॉर्कला पनामातून साधारण साडेदहा हजार सागरी मैल आणि सुएझमार्गे बारा हजारांच्या वर, म्हणजे पनामा जवळ, पण फार नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्क असेल तर सुएझ जवळ. आणि मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायचं तर पनामाचा संबंधच येत नाही, त्यामुळे भारतातला माल त्या वाटेनं फारसा जात नाही, आमच्यासारखे भारतीय खलाशी मात्र परदेशी कंपन्यांच्या जहाजांवरून भरपूर जातात.

अंतरावर सगळं ठरत नाही हे पण लक्षात घ्या. टोल लाखांच्या घरात डॉलर, वर थांबायचे दिवस, तेलाचा भाव, जहाजाचं भाडं रोजचं किती, माल नाशवंत आहे का. तेल स्वस्त असेल आणि भाडेबाजार पडलेला असेल तर कंपनी शांतपणे सांगते की लांबून जा. कंटेनरवाल्याला वेळापत्रक असतं, त्याला पनामा हवाच. कोळसा भरलेल्या बल्करला चार दिवस इकडे-तिकडे चालतात. म्हणून "पनामामुळे इतके दिवस वाचतात" असं एकच वाक्य पाठ करू नका, मार्ग सांगून मगच आकडा लिहा.

आणि शेवटची गोष्ट, जी आता सगळ्यात महत्त्वाची झालीय, पाणी. जुन्या लॉकमधून एक जहाज पार होताना १९-२० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. हे तेच तळं आहे ज्यातून पनामा सिटी आणि कोलोनला प्यायचं पाणी मिळतं. २०२३ ला अल निनोमुळे पाऊस दगा देऊन गेला, तळं खाली गेलं. एरवी दिवसाला ३६ च्या आसपास जहाजं जातात, ती नोव्हेंबरात २४ वर आणली, ड्राफ्टही कमी केला म्हणजे माल कमी भरा. रांगेत पुढे घुसायचा एक स्लॉट लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेला, टोल वेगळा.

त्याच वेळी आम्ही पुन्हा मिसिसिपीत मका भरून उभे होतो, परत जपानसाठीच. कंपनीनं आधी सांगितलं पनामा, मग सांगितलं थांबा, मग रोज एक ईमेल. शेवटी आम्हाला आफ्रिकेच्या टोकावरून, केपला वळसा घालून पाठवलं. दोन-अडीच आठवडे जास्त. क्रूमधला एक मालवणचा मुलगा पहिल्याच ट्रिपला होता, पनामा बघायला मिळणार म्हणून घरी फोटोचं प्रॉमिस करून आलेला, त्याला केपचं थंडगार उधाण बघायला मिळालं. ती माझी शेवटून दुसरी व्हॉयेज.

२०२४ च्या पावसानं तळं सावरलं आणि आकडे परत वर गेले. आता त्यांनी रिओ इंदिओ या शेजारच्या नदीवर आणखी एक धरण बांधायचं ठरवलंय, त्याचं पाणी बोगद्यानं गातुन तळ्यात आणायचं. त्या खोऱ्यातली गावं उठणार म्हणून तिथले शेतकरी होड्या घेऊन विरोध करतायत. गातुन तळं भरताना पण चाग्रेसकाठची जुनी गावं अशीच पाण्याखाली गेली होती, तळ्यात काही ठिकाणी बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून वर डोकावतात, पायलट ते दाखवतात आणि टुरिस्ट फोटो काढतात. आमच्या आईचं माहेर कोयनेत गेलं, ती तिकडच्या धरणाच्या बाजूनं एसटीनं जाताना खिडकीकडे पाठ करून बसायची.